मूळ पगाराची ओळ

(दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीचं ऑफिस. दुपारची सुट्टी व्हायला अजून अर्धा तास आहे.)

इस्त्रीवाली : ...तसं नाही ताई, मी भांडायला आले नाही. मला फक्त समजून घ्यायचंय. नवऱ्याच्या ऑपरेशनला तीन दिवस बुडाले, ते कापा, माझं काही म्हणणं नाही. पण पंधरा हजाराला तीस दिवस, म्हणजे दिवसाला पाचशे. तिनाचे झाले पंधराशे. मग एकोणचाळीसशे कसे उडाले?

मालकीण : तोंडी केलात हिशेब?

इस्त्रीवाली : दवाखान्याच्या बाकावर बसून दुसरं करायचं काय?

मालकीण : काका, जरा इकडे या. ही पगाराची चिठ्ठी मलाही उलगडत नाहीये.

हिशेबनीस : चिठ्ठी बरोबर आहे, ताई. मूळ पगार नऊ हजार, त्याचे तीन दिवसांचे नऊशे. हजेरी भत्ता तीन हजार, तो एक खाडा झाला तरी सगळाच जातो. झाले एकोणचाळीसशे.

इस्त्रीवाली : म्हणजे रोज आले तर मी पंधराची, आणि घरात कुणी आजारी पडलं की बाराची?

हिशेबनीस : तसं नसतं ते, बाई.

इस्त्रीवाली : मग कसं असतं, सांगा की.

मालकीण : थांबा, आधी मला सांगा. मूळ नऊ, हजेरीचे तीन. उरलेले तीन कशाचे?

हिशेबनीस : दोन प्रवासाचे. एक गणवेश धुण्याचा.

मालकीण : लॉन्ड्रीतल्या बाईला गणवेश धुण्याचा भत्ता?

इस्त्रीवाली : अगंबाई! गणवेश तर आम्ही इथंच टाकतो, शेवटच्या मशीनला.

हिशेबनीस : काहीतरी नाव द्यावं लागतं, ताई.

मालकीण : का द्यावं लागतं? मी खरंच विचारतेय काका, चिडून नाही. दोन महिने झाले मला बाबांच्या खुर्चीत बसून. सगळ्या बावीस चिठ्ठ्यांच्या नुसत्या बेरजा चाळल्या. कमी पगारवाल्यांची बेरीज पंधरालाच येऊन थांबते, तंतोतंत. आणि किमान वेतनही पंधराच. इतकं नेमकं जुळलं की मला उलट शंका येते.

हिशेबनीस : जुळवलंय म्हणून जुळतं.

मालकीण : किमान वेतनात काय काय धरतात?

हिशेबनीस : मूळ पगार. महागाई भत्ता असला तर तो.

मालकीण : हजेरीचा?

हिशेबनीस : नाही.

मालकीण : प्रवासाचा?

हिशेबनीस : तोही नाही.

मालकीण : मग मावशींना कायद्याच्या हिशेबानं आपण किती देतो?

हिशेबनीस : ...नऊ.

इस्त्रीवाली : मी बाहेर थांबू का?

मालकीण : बसा मावशी. तुमचाच विषय आहे. काका, हे बाबांनी केलं?

हिशेबनीस : मी केलं. अकरा वर्षं झाली. बॉयलर फुटला त्याच साली मोठा दवाखाना हातचा गेला, आणि त्यातच किमान वेतन वाढलं. तुझे बाबा इथं डोकं धरून बसले होते. म्हणाले, सहा माणसं काढावी लागतील. मी म्हटलं, एक दिवस द्या मला. आणि हे बसवून आणलं. मूळ पगार जागच्या जागी, वाढ सगळी भत्त्यांत. सहाच्या सहा जण टिकले. खोटं कशाला बोलू, तेव्हा फार शहाणा वाटलो होतो मी स्वतःला.

इस्त्रीवाली : त्या सहांत मी होते?

हिशेबनीस : तुम्ही होतात.

इस्त्रीवाली : हं. कुणी बोललं नाही कधी.

मालकीण : पण नंतर तर धंदा सावरला, काका.

हिशेबनीस : सावरला. एकदा विषय काढलाही मी. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढं मीच गप्प बसलो.

मालकीण : आता नीट करायचं तर काय करावं लागेल?

हिशेबनीस : भत्ते मोडून मूळ पगारात घालायचे. पंधरा हजार मूळ, एकच ओळ. मग खाड्याचे पाचशेच कापले जातील. जादा तासांचा दर वाढेल. फंडात आपली भर वाढेल, पण कपात यांचीही वाढेल. हातात थोडे कमी येतील.

इस्त्रीवाली : कमी? मग कशाला उकरलं मी हे!

मालकीण : प्रवास तर खराच आहे ना, मावशी? दोन बस बदलून येता तुम्ही. तो भत्ता मोडायचा नाही. वेगळा राहू दे, पंधराच्या वर.

हिशेबनीस : बावीसनं गुणा, ताई. वाळवणीचं नवं मशीन विसरा मग.

मालकीण : यंदा जुन्यावर भागवू. मागची तूट वकिलांना विचारून हप्त्यांनी फेडू. मावशींचे जास्तीचे चोवीसशे आजच द्या. आणि सुट्टीत सगळ्यांना फळ्यावर मांडून दाखवा.

हिशेबनीस : दाखवतो. फक्त एक ऐक. एकवीस चिठ्ठ्या बदल. माझी राहू दे आहे तशी.

मालकीण : तुमची? तुमचीही याच साच्यातली आहे?

हिशेबनीस : मालकाला सांगून सगळ्यांचा पगार तसा बसवायचा आणि आपला तेवढा नीट ठेवायचा, हे जमलं नाही मला.

मालकीण : मग आता का नको?

हिशेबनीस : पाच महिन्यांनी निवृत्त होतोय मी. निवृत्तीची रक्कम शेवटच्या मूळ पगारावर निघते. आज ओळ बदलली की माझी रक्कम दीडपटीच्या वर जाईल. लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं जाता जाता बरोबर साधून घेतलं. म्हणून तर गप्प होतो. म्हटलं, माझ्यामागून येईल तो करेल.

मालकीण : आणि तोवर मावशींचे तीन-तीन हजार जात राहिले.

हिशेबनीस : हो. ते मात्र... हो.

मालकीण : एकाला वगळायची मुभा कायद्यात आहे?

हिशेबनीस : नाही.

मालकीण : मग?

इस्त्रीवाली : एक विचारू, दादा? लोक म्हणतील म्हणालात. ते लोक म्हणजे आम्हीच ना?

हिशेबनीस : तुम्हीच.

इस्त्रीवाली : आम्हाला विचारलंत कधी?

हिशेबनीस : नाही विचारलं.

इस्त्रीवाली : राग आलाय मला तुमचा, तो राहील चार दिवस. पण अकरा वर्षांत तुमचे स्वतःचे किती गेले?

हिशेबनीस : मोजलं नाही कधी.

इस्त्रीवाली : मोजा. मी थांबते.