अण्णांनी दाबलेलं बटण

मेलचा विषय निघालाच आहे, तर आमच्या मालकांचं, अण्णांचं ऐका. कुपवाडला त्यांचा पंपाचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे आणि मी तिथलं ऑफिस बघतो. अण्णांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही.

एका मोठ्या कंपनीच्या ऑर्डरसाठी आम्ही दर पाठवले होते. दुसऱ्या दिवशी निर्णय व्हायचा होता. तेवढ्यात तिथल्या खरेदी विभागाच्या बाईंनी आपल्या साहेबांना लिहिलेली मेल चुकून मलाच आली, आणि सोबतच्या फाईलमध्ये बाकी सगळ्यांचे दर! मी धावत अण्णांकडं गेलो.

"अण्णा, आपला दर जरा खाली आणला की ऑर्डर आपलीच!"

"फाईल उघडलीस व्हय रं?"

"व्हय."

"मग त्यास्नी तसंच लिही. चुकून आली, आमी वाचली, म्हणून आमी ह्या ऑर्डरीतनं बाजूला होतोय."

अण्णांना घेऊन मी ऑफिसात आलो. कसंबसं लिहिलं आणि खाली माझं नाव टाकलं.

अण्णा म्हणाले, "तुझं कशाला? कारखाना माझा हाय. माझं नाव घाल."

नाव बदललं, पण पाठवायला हात होईना. "अण्णा, लय मोठी ऑर्डर हाय. एकदा पाठवलं की संपलं."

"कुठलं बटण?"

मी दाखवलं. अण्णांनी बोटाचं ग्रीस पँटला पुसलं आणि स्वतः दाबलं.

ऑर्डर गेली ती गेलीच. त्यानंतर मला दुसरीकडून दोनदा बोलावणं आलं, जास्त पगाराचं. पण गड्यांनो, मी अजून तिथंच आहे.