माळकरी मालक आणि बोकडाचं आतडं

आमच्या कापूरहोळच्या कारखान्यातली गंमत ऐका. पोटातून तपासणीसाठी मांसाचा बारीक तुकडा काढायचे लवचिक चिमटे आम्ही बनवायचो. बारीक तारेचं लांबलचक वेटोळं आणि टोकाला तांदळाएवढा जबडा.

पहिल्याच ऑर्डरीला डॉक्टर म्हणाले, "प्लॅस्टिकच्या नळीत कुठलाही चिमटा चालेल. खऱ्या आतड्यात घालून दाखवा. ओरखडा उठला तर ऑर्डर नाही."

माझ्या शेजारी तार गुंडाळणाऱ्या शबानाभाभीनं दिराच्या मटणाच्या दुकानातून बोकडाचं आतडं आणलं. मालक माळकरी. तरी ऑर्डरीपायी त्यांनीच ते डोळे मिटून दोन्ही हातांनी धरलं. चिमटा सगळ्या वळणांतून गेला. डॉक्टरांनी आतडं चिरून पाहिलं. "एक ओरखडा नाही. ऑर्डर पक्की!"

मालक आनंदानं आतडं धरूनच उभे. शबानाभाभी म्हणाली, "मालक, लई दाबू नका. घरी रस्सा करायचाय त्याचा."