बाईंची पोरं कुठं शिकत्यात?

चहा येईस्तोवर माझ्या हुशारीचा किस्सा ऐका. इंदापूर सोडून आमी बारामतीच्या बाजूला दुकान टाकलं, तवा आमच्या पोरीला, आलियाला, पहिलीत घालायचं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळा दोन, एक गावात आन् एक वस्तीवर. मी बायकोला म्हणलं, "भिंतीवरची चित्रं बघून काय कळतंय? बाईंची स्वतःची पोरं कुठं शिकत्यात, तेवढं इचारायचं."

गावातल्या बाई म्हणाल्या, "माझा मुलगा वस्तीवरच्या शाळेत आहे."

झालं! गाडीला किक मारली आन् थेट वस्ती गाठली. तिथल्या बाई म्हणाल्या, "माझी मुलगी ना? गावातल्या शाळेत."

माझं टाळकंच फिरलं. तसाच माघारी गावात आलो. "बाई, स्वतःच्या शाळेवर तुमचाच भरवसा न्हाय व्हय?"

बाई हसायला लागल्या. "अहो, तो माझ्याच वर्गात होता. मी पाढे म्हणून घेतेय, आणि हा उठून ओरडतोय, 'आई, शी आली!' तिकडच्या बाईंच्या वर्गातही तीच गत. शेवटी आम्ही पोरांची अदलाबदलच केली."

घरी येऊन सांगितलं, तर बायको म्हणाली, "म्हंजी दोन्ही शाळा चांगल्याच की!" मग घराजवळ म्हणून आलियाला गावातल्या शाळेत घातलं.

पहिल्याच दिवशी आणायला गेलो, तर बाई कपाळाला हात लावून दारात उभ्या.

"वर्गात उठून मला म्हणाली, 'अम्मी, शी आली!' आता सांगा, हिची अदलाबदल कुणाशी करू?"