दिलेली क्षमा परत घेण्याबाबत

जबाब देणारी: गॅस उपकरणांची तपासणी व दुरुस्ती करणारी परवानाधारक तंत्रज्ञ. वय २७. अविवाहित. राहणार चर्चच्या आवारातील पाळकांचे घर, वरची खोली. पाळक हे माझे सख्खे मामा.

ठाण्यात स्वतः येऊन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, समक्ष सांगते ते असे. आधी घडले ते क्रमाने:

१. चर्चमागच्या सरावाच्या खोलीतला गॅस हीटर पेटवल्यावर थोड्या वेळात आपोआप बंद पडू लागला.
२. मामांनी त्यातला सुरक्षा स्विच तार जोडून निकामी केला.
३. शुक्रवारी संध्याकाळी ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी (नात्याने नव्हे, सगळे त्यांना मावशी म्हणतात) व त्यांचे यजमान त्या खोलीत सरावाला बसले. यजमान वारले. मावशी वाचल्या.
४. दवाखान्यात मावशींनी दोष स्वतःकडे घेतला. मामांनी त्यांना क्षमा केली.
५. येत्या रविवारी मावशी उपासनेत उभ्या राहून तोच दोष सर्वांसमोर कबूल करणार आहेत.

आपल्याकडे या मृत्यूची नोंद 'अपघात, खोली बंद' अशी आहे. पंचनाम्याच्या वेळी हीटरचे झाकण उघडलेले नव्हते.

त्या स्विचचे काम असे: जळालेला विषारी वायू नळीतून बाहेर न जाता खोलीत परतू लागला, की गॅस तोडायचा. नळीच्या तोंडाशी पक्ष्याने घरटे केले होते. म्हणजे हीटर बिघडलेला नव्हता. तो बंद पडत होता, तेच बरोबर होते. जेवताना मामा मला म्हणाले होते, "तुझा तो हीटर रुसलाय गं." मी सोमवारी बघते, तोवर पेटवू नका, असे मी सांगितले. ते "बरं" म्हणाले.

मावशींच्या यजमानांना मुले पानकाका म्हणत, कारण ते ऑर्गनशेजारी उभे राहून स्वरलिपीची पाने उलटत. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. मावशींनी मान हलवली की पान उलटायचे. "एवढ्या संसारात बायकोची मान तेवढी वाचायला शिकलो," असे ते सांगत.

बुधवारी दुपारी मी मावशींचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. मामा खाटेजवळ बसले होते, म्हणून मी पडद्याशी थांबले. मावशी म्हणत होत्या, "ह्यांना खोकला होता म्हणून खिडकी मीच लावली हो. हे म्हणत होते, राहू दे उघडी. मी ऐकलं असतं तर? मीच मारलं त्यांना." मामांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी मावशींच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि प्रभूने तुम्हाला क्षमा केली आहे, असे सांगितले. मावशी रडल्या व नंतर झोपल्या. मला तेव्हा ते योग्यच वाटले.

दुसऱ्या दिवशी मंडळीच्या वडीलजनांनी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांनी, मला हीटर उतरवायला सांगितले. झाकण काढल्यावर स्विचची दोन टोके माइकच्या वायरीच्या तुकड्याने जोडलेली दिसली. तुकड्याची टोके दातांनी सोललेली होती. आमच्या घरातल्या मिक्सरच्या, टेबलफॅनच्या, सगळ्या वायरी मामा दातांनीच सोलतात. माझ्या पहिल्या पगारातून मी त्यांना वायर सोलायची पक्कड आणून दिली होती. ती अजून पाकिटातच आहे. वायरीचा तुकडा सोबत जमा करते.

मी मामांना त्यांच्या खोलीत तो दाखवला. त्यांनी नाकारले नाही. म्हणाले, "लोक कुडकुडत होते, बाळ. तू कामात होतीस. म्हटलं, दोन टोकं तर जोडायची, पोरीला कशाला त्रास."

"पानकाका गेले तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"रुग्णवाहिका यायच्या आधी."

"मग बुधवारी मावशींच्या डोक्यावर हात कसा ठेवलात?"

 तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन, एवढे बोलून मी बाहेर आले.

गेल्या रविवारी उपदेशाच्या वेळी मामा व्यासपीठावरून खाली उतरले आणि गुडघे टेकून म्हणाले, की मी पापी आहे, माझ्या हातून मोठी कसूर झाली आहे, मंडळीने मला क्षमा करावी. हीटर, स्विच, वायर आणि मावशी, यांपैकी एकही शब्द त्यात नव्हता. ज्येष्ठ वडीलजन उठले. "अहो, पाळकही माणूसच!" म्हणून त्यांनी मामांना मिठी मारली. मग सगळे उठले. गीत झाले. ऑर्गनवर कोणी नव्हते. मी बसून होते.

घरी मामा म्हणाले, "झालं, बाळ. सांगितलं मी."

मी विचारले, "काय सांगितलंत?"

मामी मध्येच म्हणाली, "लहानाची मोठी केली ती यासाठी? खाल्ल्या घरचे वासे मोजतेस!" मला मामा-मामींनी वाढवले, शिक्षण त्यांनीच केले, हे खरे आहे. त्याचा या जबाबाशी संबंध नाही.

सोमवारी मावशी घरी आल्या. मी जाऊन त्यांना सगळे सांगितले, वायरही दाखवली. त्या माझा हात थोपटत म्हणाल्या, "माझं मन राखतेस होय गं? अगं, माझी चूकच नसती, तर पाळकांनी मला क्षमा कशाची केली असती?" मग येत्या रविवारी उभे राहून काय बोलायचे ते त्यांनी मला म्हणून दाखवले. कुठे अडखळायला होते का, ते ऐक म्हणाल्या.

मामांना मी हे कळवले. ते म्हणाले, "तिला शांती मिळालीय. ती मी कशी मोडू?" मावशी एवढ्या थंडीत घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून बसतात. तेथे गेल्यावर मी अंगातला कोट काढला नव्हता.

जबाब लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "बाई, मंडळीनं माफ केलं, तुमच्या देवानं केलं असेल, आता आम्हाला कशाला मध्ये ओढता? तुम्ही स्वतः माफ केलंय का नाही मामांना?" मी सांगितले, की माफ करायचे की नाही हा प्रश्न मावशींचा आहे, आणि त्यांना तो अजून कोणी विचारलेलाच नाही.

खिडकी उघडी असती तर काय झाले असते, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. स्विच शाबूत असता तर हीटर बंद पडला असता, हे खात्रीने सांगते.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन क्रमांकावर 'मामांकडून चूक झाली' असे लिहिले गेले होते. तेथे 'तार जोडून निकामी केला' असे करून घेतले. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.

विनंती: तार कोणी जोडली, एवढेच पाळकांना विचारावे. उत्तर त्यांच्या हस्ताक्षरात घ्यावे, कारण मावशी ते अक्षर ओळखतात. ते मला शनिवारी संध्याकाळपर्यंत मिळावे. रविवारी उपासना सकाळी असते.