धुक्यातला शहाणा

भिवंडी स्टँडवर गणेशपुरीच्या गाडीची रांग हलायचं नाव घेत नव्हती. पुढे कॉलेजातली मृणाली आणि तिचा केसरीनाथकाका, मागे मेथीच्या जुड्या सांभाळत कमळ. कमळचे कान पुढेच होते.

"काका, विचारा ना प्रश्न. उद्या पेपर आहे."

"व्हिक्टोरियन रहस्यकथेत वातावरणानं भीती कशी वाढते? सांग."

"धुकं असतं. गॅसचे मिणमिणते दिवे. रिकाम्या गल्लीत फक्त बुटांचा आवाज."

"मग बाकीचे लोक कुठं मेले?"

"घरात असतात."

"आणि हा शहाणा एवढ्या धुक्यात कशाला भटकतोय? बायकोनं हाकललं काय त्याला?"

कमळ तोंडाला पदर लावून हसली.

"काका, तिथं सामसूम असते, म्हणून भीती वाटते."

"सामसुमीला कोण भितंय? या कापडाच्या लूमच्या खडखडाटानं माझं डोकं उठलंय. एक दिवस बंद पडू दे, नारळ फोडीन."

तेवढ्यात स्टँडमागचा एक लूम थांबला. मग दुसरा. मग सगळेच.

"लाइट गेली असंल."

"स्टँडवरचा पंखा फिरतोय की, काका."

"मग लूमची शुक्रवारची सुट्टी."

"आज मंगळवार आहे."

रांगेतले सगळे मागं वळून बघू लागले. रस्त्यापलीकडच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. कमळनं मेथी छातीशी धरली.

"काका."

"हळू बोल."

"माझा हात सोडा ना."

"कशाला?"

"उत्तर लिहून घ्यायचंय."