पायडलवरची शिफ्ट

माझं गाव किल्लारीच्या बाजूचं. नाव सांगितलं तरी उपयोग न्हाई, कारण ते जुन्या जागी आता न्हाईच, नवीन गाव पलीकडं वसवलंय, सरळ रस्ते, सारखी घरं, पाहुणा आला की चुकीच्या दारात जातो. जुनं घर आमचं दगडमातीचं, भिंती लई जाड, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहायचं म्हणून लोक तारीफ करायचे, आन् त्याच भिंतींखाली सगळे गेले. भूकंप झाला तवा मी तिसरीत होते. आई, वडील, धाकटा भाऊ गेले, मला काढलं तवा डावा हात दगडाखाली होता. अंगठा आन् करंगळी राहिली, मधली बोटं सोलापूरला दवाखान्यात काढली. हे मी लई वेळा सांगितलंय, संस्थावाल्यांना, पेपरवाल्यांना, त्यामुळं आता सांगताना रडू येत न्हाई. तुम्ही लिहून घ्या, थांबू नका.

मावशीनं मला नांदेडला नेलं. ती शाळेत शिकवायची, बोलायला कडक. बारावी झाल्यावर म्हणली, सुमन, टायपिंग लाव. मी म्हणलं, मावशी, सात बोटांवर कसलं टायपिंग. ती म्हणली, लोकांना दहा लागतात, तुला किती लागतात ते बघू की. झालं, दुसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं. अक्षरं उजव्या हातानं येत होती, अडचण शिफ्टची. टाइपरायटरची शिफ्ट दाबायला जोर लागतो, माझी करंगळी तिथंवर पोचायची पण दाबायची न्हाई. तिथं मशिनी दुरुस्तीला सलीमभाई यायचे. त्यांचे वडील शिलाई मशिनी, रेडिओ, सगळंच दुरुस्त करायचे, दुकान त्यांच्याच वेळचं. सलीमभाईंनी काही दिवस मला बघितलं, आन् एक दिवस शिफ्टच्या पट्टीला सायकलच्या ब्रेकची तार बांधून ती खाली शिलाई मशिनीच्या पायडलला जोडून दिली. म्हणले, ताई, हात नै तो पाँव सही, दाबा. पोरी हसल्या. म्हणल्या, सुमन आता टाइप करून राहिली का ब्लाउज शिवून राहिली. मी दोन्ही परीक्षा पास झाले, मराठी बी, इंग्रजी बी.

मंग कॉम्प्युटर आले. ब्रेकची तार गेली, सलीमभाई कीबोर्ड उघडून शिफ्टच्या वायरी बाहेर काढून द्यायचे. कॉम्प्युटरमध्ये सोय असते, शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षराला लागते, पण त्यानं माझा वेग अडकतो, मला दाबून धरायचीच सवय. कीबोर्ड खराब झाला की नवीन घ्या, उघडा, वायरी काढा, लई वैताग. पुढं त्यांना एक बारका बोर्ड सापडला, च्युइंगमच्या पाकिटाएवढा, यूएसबीची वायर लावली की तो कॉम्प्युटरला सांगतो की मी कीबोर्ड आहे. दोन पायडलं त्याला जोडली, एक शिफ्ट, एक कंट्रोल, बोर्ड प्लास्टिकच्या डबीत. कोणत्याही कॉम्प्युटरला लावा, चालू. माझा डावा हात मी पिशवीत घालून नेऊ लागले म्हणा ना.

तवर लातूरला क्लासेसचं पेव फुटलं होतं. किनवटपासून पोरं येतात, आश्रमशाळेतली बी येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा खातात. आन् क्लास म्हणलं की टेस्ट, टेस्ट म्हणलं की पेपर, पेपर कोणीतरी टाइप करावा लागतो, तो विचार कोणी करत न्हाई. मी तिथल्याच एका मोठ्या क्लासमध्ये पेपर ऑपरेटर लागले. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, दोन्ही माध्यमं. केमिस्ट्रीत खालचे आकडे, वरचे आकडे, त्याला कंट्रोल लागतो, शिफ्ट लागते, माझे दोन्ही पाय चालतात. मावशी रिटायर होऊन माझ्याकडं आली. लग्न राहून गेलं, त्याचं काय एवढं न्हाई.

आता मुद्द्याचं सांगते. लातुरातल्या एका क्लासचा पेपर फुटला, आमचा न्हाई, पण सगळ्यांना धास्ती बसली. आमच्या क्लासचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणतो, त्यांनी हुकूम काढला, पेपर रूममध्ये पेन ड्राइव्ह बंद. महेश म्हणून कॉम्प्युटरचं बघणारा आहे, त्यानं असं करून ठेवलं की पेन ड्राइव्ह लागला की मशीन जाम होते आन् सरांच्या मोबाइलवर मेसेज जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायडल लावलं, मशीन जाम. महेश आला, बघितलं, म्हणला, ताई, तुमचं पायडल पेन ड्राइव्ह बी आहे. मी म्हणलं, माझं पायडल पायडल आहे. पण त्याचं बरोबर होतं. तो बोर्ड कॉम्प्युटरला तीन गोष्टी सांगतो, मी कीबोर्ड आहे, मी ड्राइव्ह आहे, आन् बनवणाऱ्याला माझ्याशी बोलायला एक लाइन बी आहे. ड्राइव्ह कशाला, तर बोर्डाचा प्रोग्राम त्याच्यात फाइल म्हणून असतो, ती उघडायची, बदलायची, सेव्ह करायची. सर म्हणले, सुमनताई, तुमच्यावर शंका न्हाई, पण एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते, तवर तुम्ही प्रूफ बघा. प्रूफवाले सीझनपुरते असतात, काय सांगू तुम्हाला, सीझन संपला की या म्हणतात. माझ्या खुर्चीवर दुसरी पोरगी बसली बी.

मी सुट्टी टाकून नांदेडची एसटी धरली. लोह्याला गाडी थांबली तवा सगळे चहाला उतरले, मी पिशवी मांडीवर धरून बसले. दुकानात सलीमभाईंनी समजावलं, बोर्डात दोन फायली असतात, एक कामाची, ती सारखी चालते, दुसरी फक्त करंट आला की एकदाच वाचली जाते, कॉम्प्युटर तू कोण म्हणून विचारायच्या आधी. त्या दुसरीत लिहायचं, ड्राइव्ह झाक, लाइन बंद कर, कीबोर्ड तेवढा ठेव. लिहिलं, सेव्ह केलं, ड्राइव्ह तिथंच. परत सेव्ह केलं, तिथंच. सलीमभाईंनी कपाळावर हात मारला, म्हणले, अरे, वायरच नै काढली. करंट गेला न्हाई तर फाइल वाचणार कवा.

वायर काढायच्या आधी मात्र ते थांबले. म्हणले, ताई, देखो, ड्राइव्ह झाकला की आपण बी बाहेर. उद्या पायडलवर केमिस्ट्रीच्या बाणासारखी एखादी खूण वाढवायची तर आत कसं जायचं, सगळं पुसून पहिल्यापासून भरावं लागेल. म्हणून अट टाकू, एखादं बटण दाबून वायर लावली तर ड्राइव्ह दिसेल, नुसती लावली तर न्हाई. बटण डबीच्या आत बसवतो, स्क्रू काढल्याशिवाय हात लागणार न्हाई. मी म्हणलं, आत नको, पायडललाच ठेवा. आता हे तुम्हाला विचित्र वाटेल. आमच्याकडचे, म्हणजे भूकंपातून राहिलेले, घराला आतून कडी घालत न्हाईत. दार लोटून झोपतात. कडी घातलेल्या दारामागं काय झालं ते आम्ही ऐकलंय. मावशी रोज रागावते, चोर येतील म्हणते, तरी मी लोटूनच ठेवते. मला ज्याच्यात हात घालायचा ते बंद झालेलं सहन होत न्हाई. सलीमभाई म्हणले, मर्जी तुमची. शिफ्टचं पायडल दाबून वायर लावली की ड्राइव्ह उघडा, असं ठरलं.

लातूरला आल्यावर महेशच्या कॉम्प्युटरवर, तिथं ही बंदी न्हाई, त्याला सगळं दाखवलं, पायडल दाबून बी दाखवलं. तो म्हणला, चालतंय ताई, कोण कशाला दाबून लावतंय. मी परत खुर्चीवर. बरेच महिने काही झालं न्हाई.

मंग दसऱ्याची झाडलोट निघाली. टेबलं हलवली, परत लावली, आन् टेबलाचा एक पाय बरोबर शिफ्टच्या पायडलवर आला. मी प्रिंटरपाशी उभी होते, त्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी बसलेली. लाइट आली, मशीन चालू झाली, बोर्डाला करंट आला, पायडल दाबलेलं. ड्राइव्ह उघडला, मशीन जाम, सरांना मेसेज. दोन दिवसांवर मोठी टेस्ट, आन् तिचा पेपर त्याच मशीनमध्ये.

सर आले. म्हणले, सुमनताई, ड्राइव्ह बंद केला म्हणला होता. मी म्हणलं, बंद न्हाई सर, झाकला होता. महेश म्हणला, सर, मला माहीत होतं, मीच चालतंय म्हणलं होतं. मंग त्यानं खाली वाकून टेबलाचा पाय दाखवला. सरांनी महेशच्या कॉम्प्युटरवर ड्राइव्ह उघडायला लावला, आत बोर्डाच्या फायलींशिवाय काही न्हाई. ते बघून म्हणले, मी मानतो, पण उद्या पालक विचारतील, त्यांना मी टेबलाचा पाय दाखवू का. मीच म्हणलं, आतून बंद करते.

सलीमभाईंना फोन लावला. ते सांगत गेले, मी करत गेले, महेश आन् सर बघत उभे. महेशच्याच कॉम्प्युटरला पायडल दाबून वायर लावली, फाइल उघडली, पायडलची अट काढली, त्या जागी बोर्डाच्या दोन टोकांची अट टाकली, जी डबी उघडून तारेनं जोडल्याशिवाय भेटत न्हाईत. सेव्ह केलं. मंग वायर काढून लावली. पायडल दाबून लावून बघितली, ड्राइव्ह न्हाई. नुसती लावून बघितली, न्हाई. डबीचे स्क्रू बसवले, सांध्यावर सरांनी पेपरच्या गठ्ठ्याला लावतात तसला कागद चिकटवून वर सही केली. त्या दिवशी घरी जाताना जीव बारीक झाला होता, खोटं कशाला बोलू.

आता एखादी खूण वाढवायची तर सरांसमोर कागद फाडायचा, काम करायचं, नवीन सही घ्यायची. ते वैतागतात, म्हणून आहे त्या खुणांवर भागवते, हात जास्त चालवते. आता म्हणतात पेपर बी मशीनच काढणार, टायपिंग लागणार न्हाई. काढू द्या. पोरं लांबून येतात, त्यांचे डोळे रात्रीचे जागून लाल असतात, त्यांच्या अभ्यासाचं चीज होऊ द्या, मी टाइप केलेलं असो का मशीननं.

सर रोज सकाळी पेपर रूममध्ये येतात, वाकून डबीवरची सही बघतात. पहिल्यांदा मला त्याचा लई राग यायचा, आता येत न्हाई. बघून झालं की म्हणतात, बसा ताई. मी चप्पल काढते आन् बसते.