भूत परवडलं, बटणदादा नको

आधी कानातली खरखर थांबली... तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं! म्हणजे बघा, हेडफोन चढवला की एक बारीकशी खरखर येते, झोपलेल्या मांजरासारखी. ती येतेय तोवर समजायचं, काचेपलीकडे आवाज टिपायच्या यंत्राची बटणं सांभाळणारे आमचे बटणदादा आहेत, जग जागच्या जागी आहे, आपण ओरडायला मोकळ्या. ती गेली. आणि अशी गेली, की मला माझ्याच घशातला आवंढा ऐकू आला आणि मी त्यालाच दचकले!

हसा, हसा. दचकणं हा माझा धंदाच आहे. तुम्हाला सांगते, परदेशातले भयपट आपल्या भाषेत येतात ना, त्यात पडद्यावरची बाई तोंड उघडते आणि आवाज येतो तो माझा. चांगली पदवी घेतली, भाषाशास्त्राची जाडजूड पुस्तकं पाठ केली, आणि पोट भरते 'आऽऽऽ' या एका स्वरावर! खरं तर गेले होते भाषांतराच्या कामासाठी. खुर्चीत टेकतेय तोच मागे कुणाची तरी पाण्याची बाटली पडली, मी जी किंचाळले, जी किंचाळले... दिग्दर्शकसाहेबांनी शांतपणे माझे कागद बाजूला सारले. म्हणाले, "भाषांतराचं राहू द्या हो. उद्यापासून ओरडायला या."

आता जो भेटेल तो विचारतो, "काय गं, खरा भीतीदायक पिक्चर कुठला?" काय सांगू कपाळ! निम्म्या पिक्चरांचे टेक मी हसून हसून वाया घालवलेत. एका पिक्चरमध्ये झपाटलेलं कपाट होतं. खरंच, कपाट! बाईच्या मागे घरभर धावतं, दारं फडफडवत, आणि जिन्यापाशी आलं की थांबतं. उतरता येत नाही त्याला! ती बाई खाली थरथरतेय, हे वरून वाकून बघतंय, आणि मी इकडे किंचाळायचं सोडून म्हणतेय, अहो कुणीतरी हात द्या त्या बिचाऱ्याला! दुसरं एक भूत, ते नुसती दारं आपटतं. दाणकन. आमच्या ताईसारखं! त्याला काय घाबरायचं? त्याला जवळ बसवून विचारायचं, "काय झालं? कोण काही बोललं का?"

आणि ती हडळ! शेवटी मंत्रतंत्र होऊन ती कायमची जायला निघते. धूर, विजा, ढोल. पण आमच्या भाषांतरवाल्या काकू पडल्या जुन्या वळणाच्या. निघालेल्या बाईच्या तोंडी 'जाते' कसं घालायचं? अभद्र! त्यांनी लिहिलं, "येते हं!" आता तिकडून "येते हं" आल्यावर इकडून मी काय करणार? तोंडातून आपसूक निघालं, "या हं, सावकाश!" बटणदादा खुर्चीवरून खाली!

खरा भीतीदायक म्हणाल तर एकच. त्यात काहीच होत नाही. एक बाई, एक खोली, भिंतीवर घड्याळ. ते टिकटिकतं, टिकटिकतं... आणि मग टिकटिकत नाही. संपलं! त्या पिक्चरला मी ओरडलेच नाही, सरळ टेबलाखाली गेले. भूत परवडलं हो, आवाज तरी करतं! शांतता नको.

तर सांगत होते, खरखर थांबली. समोरच्या पडद्यावर पिक्चर चालूच, पण मुका. चेटकीण जबडा वासतेय, मान वाकडी करतेय, आणि आवाज नसल्यामुळे थेट दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी दिसतेय. मला फिसकन हसू आलं. म्हटलं, काहीतरी बिघडलंय, बाहेर जाऊन विचारू या. दाराची मूठ धरली, फिरवली... आणि मूठ हातात आली. दार तिथेच. मूठ हातात!

आता ही खोली कशी, तर भिंतींना स्पंज, छताला स्पंज, दाराला स्पंज. खिडकी नाही. मुद्दाम अशी बांधलेली, की आतला आवाज बाहेर जाता कामा नये. म्हणजे बघा हं, जगात ओरडण्यासाठी खास बनवलेली ही एकच खोली, आणि तिथेच ओरडून उपयोग शून्य! वरून थंड हवा येते ना, तीही बंद. मी लिफ्टला घाबरून जिने चढणारी मुलगी! मला काही सुचेना, एवढंच कळत होतं, की आत्ताच्या आत्ता बाहेर पडले नाही तर मी इथेच आडवी होणार. भूत परवडलं, ते भिंतीतून आरपार जातं! आपलं काय?

काचेपलीकडे बटणदादा पाठमोरे, हातात वायरींचा गुंता. मी काच बडवली. ते वळले. मी ओरडले, या वेळी खरीखुरी! आणि तुम्हाला सांगते, खरं ओरडताना माणूस "वाचवा, वाचवा" म्हणतच नाही. सगळे पिक्चर खोटे! माझ्या तोंडून निघालं, "आई गंऽऽ! अहो दादाऽऽ! उघडा होऽऽ!" पण त्यांना दिसलं काय? माझं वासलेलं तोंड आणि बाहेर आलेले डोळे. हे तर ते रोजच बघतात! त्यांनी मान डोलावली आणि अंगठा वर केला.

बाकी त्यांचे ओठ मला नीट वाचता येतात, पडद्यावरचे ओठ बघून आवाज जुळवणं हेच तर माझं काम. माझे ओठ मात्र त्यांना शष्प वाचता येत नाहीत! मी निघालेली मूठ काचेला चिकटवून नाचवली. ही, ही, ही बघा! त्यांचे ओठ हलले, "हां, निघते ती. ठेव तिथंच, बसवतो उद्या." उद्या!

मग माझी मती फिरली. जीव चाललाय हे कसं सांगणार? मी गळ्यावरून आडवा हात फिरवला. आणि तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते, आमच्या धंद्यात गळ्यावरून हात म्हणजे 'बस्स, आजचं पुरे'! बटणदादांचा चेहरा असा उजळला... इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. पटापट दिवे घालवले, डबा उचलला, दारातून मला प्रेमाने टाटा केला, आणि गेले! भर दुपारी मला काळोखात ठेवून गेले! भूत परवडलं, पण असा समजूतदार माणूस नको!

फोन आत न्यायला बंदी आहे. मी चोरून नेते, घाबरट माणसाने नियम पाळून कसं चालेल? लावला बटणदादांना. काचेपलीकडे त्यांच्याच टेबलावर उजेड पडला. विसरून गेलेला फोन थरथरत, सरकत सरकत कडेपर्यंत आला आणि पडला खाली. दिग्दर्शकसाहेबांचा बंद. ताईने कापला, वर निरोप पाठवला, 'कामात आहे, नाटकं नकोत'. नाटकं! राहिली आई. एकदा लावला, घंटी वाजून वाजून थकली. पुन्हा लावला. वाजतेय... वाजतेय... पडदा बंद करायचा तेवढा राहिला होता, त्यावरची चेटकीणसुद्धा आता माझ्याकडे काळजीने बघतेय असं वाटायला लागलं, आणि तेवढ्यात...

"हॅलो?"

आई! माझी आई! मला हुंदकाच आला. म्हटलं, "आई गंऽऽ! मी अडकलेय! काळोख आहे, दार उघडत नाहीये, कुणाला तरी पाठव गंऽऽ!"

पलीकडून आईचा आवाज, कौतुकाने नुसता ओथंबलेला:

"अगंबाई, काय लागलाय आवाज आज! थांब हं, स्पीकरवर टाकते. मावशी आलीय, तिला पटतच नव्हतं तू हे काम करतेस म्हणून. हं, म्हण आता पुन्हा. आणि ते शेवटचं जरा लांबव."

काय करणार... लांबवलं.